बार्शीचा पाचवा घटक

आठ गावांपैकी सात गावं नीट वागली. बार्शी वागली नाही.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी हे वाक्य असंच लिहिलं होतं. उपासनी सरांनी त्यावर आडवी रेघ मारली. "ऋता, गावं वागत नाहीत, माणसं वागतात. आणि आपल्याला तेही लिहायचं नाही. आपण फक्त अडखळ लिहायची."

'अडखळ' हा आमच्या संस्थेतला शब्द. संस्थेचं नाव 'निकष'. लोकांना कोणता फोन आवडतो, फोनवरून खरेदी करताना त्यांच्या मनात काय चालतं, याचा अभ्यास आम्ही मुख्यतः फोन बनवणाऱ्या कंपन्यांसाठी करतो. पूर्वी हे काम प्रश्नावलीवर चालायचं. 'हा ब्रँड मला विश्वासाचा वाटतो: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ' वगैरे. त्यात मोठी अडचण होती. आपल्याकडे सर्वेक्षणाला घरी आलेल्या मुलीला लोक आधी चहा देतात आणि मग तिला बरं वाटेल असं उत्तर देतात. शिकत असताना मी एक सर्वेक्षण केलं होतं, तेव्हा एका आजोबांनी मला पाचही ब्रँडसाठी 'पूर्ण सहमत' दिलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुणाला कशाला नाराज करा?"

मग तीन वर्षांपूर्वी, २०३१ साली, अडखळ मोजता यायला लागली. कल्पना साधी आहे. फोनच्या पडद्यावर एकामागून एक खुणा येतात आणि दिसेल त्या खुणेवर झटकन बोट टेकवायचं असतं. डोळा खुणेवर पडला तो क्षण पुढचा कॅमेरा टिपतो. बोट टेकलं तो क्षण काच टिपते. मधे जो वेळ जातो तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत मोजतात. त्यातून त्या माणसाचा नेहमीचा वेळ वजा करायचा. हा नेहमीचा वेळ साधे त्रिकोण-चौकोन दाखवून आधीच काढलेला असतो. उरते ती अडखळ. आवडीच्या खुणेकडे बोट धावतं, नावडतीपाशी रेंगाळतं. जीभ लाजेकाजेस्तव काहीही बोलते, पण तीनशे मिलिसेकंदांत बोटाला लाजायला सवड नसते.

शिवाय अडखळ पुढचंही सांगते. ज्या गावात एखाद्या ब्रँडची अडखळ वाढली, तिथे सहा महिन्यांनी त्याचा खप पडला, असं दोन वर्षांत एकोणीस गावांत दिसलं होतं. त्यामुळे कंपन्यांचा आता खपाच्या आकड्यांपेक्षा अडखळीवर जास्त विश्वास होता.

आमचा ग्राहक 'निओरा' ही फोन कंपनी. तिची खूण म्हणजे हिरवं वर्तुळ, आणि तेच खरेदीचं बटणही. मालिका बघताना एखादीच्या साडीजवळ वर्तुळ उमलतं, मैत्रिणीशी बोलताना पाठदुखीचा विषय निघाला की उशीचं चित्र आणि शेजारी वर्तुळ. बोट टेकलं की वस्तू निघाली. पत्ता नाही, पिन नाही, 'नक्की ना?' नाही. प्रत्येक वर्तुळामागे निओराला दलाली मिळते.

आता बार्शी. आठ गावांतल्या बाराशे चार लोकांच्या आकड्यांवर मी घटक-विश्लेषण चालवलं होतं. म्हणजे असं: वर्गात गणितात पुढे असलेली मुलं बहुतेक भौतिकशास्त्रातही पुढे दिसली, तर दोन्हींच्या मागे एखादं न दिसणारं कारण असावं असा अंदाज आपण करतो. शेकडो आकड्यांमधून अशी न दिसणारी कारणं वेगळी काढायची, ती म्हणजे घटक. सात गावांत अपेक्षित चारच घटक आले: किंमत, कॅमेरा, टिकाऊपणा आणि चारचौघांतला दिमाख. बार्शीत पाचवा आला. तो या चारांपैकी कशाशीच जुळत नव्हता, आणि तो फक्त हिरव्या वर्तुळापाशी जागा व्हायचा.

बार्शीकरांनी प्रश्नावलीत निओराची स्तुती केली होती. निओराचे फोन तिथे इतर गावांच्या दुप्पट विकले जात होते. आणि बोटं मात्र वर्तुळापाशी सरासरी दोनशे ऐंशी मिलिसेकंद अडखळत होती. बाकीच्या गावांत हा आकडा तीसच्या आसपास होता.

"तोंडाने गोड, खिशाने गोड, बोटाने कडू," उपासनी सर म्हणाले. "सोमवारी निओराची समिती बसतेय. अडखळ शंभराच्या वर गेली तर त्या गावातल्या विक्रेत्याचा परवाना काढून घेणार आणि चौकात आपोआप फोन विकणारी पेटी बसवणार. बार्शीचं नाव यादीत पहिलं जाईल."

"पण का अडखळतायत ते कळायला नको?"

"त्यांनी 'किती' विचारलंय. 'का'चे पैसे वेगळे."

बार्शीचा अधिकृत विक्रेता 'गव्हाणे मोबाईल' हे मला माहीत होतं. पांडे चौकातून आत वळलं की डावीकडे. मालकीण शालन गव्हाणे. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, माझी शालनआत्या. गावं संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती, त्यात माझा हात नव्हता. पण बार्शीचं नाव निघालं त्या दिवशी मी सरांना नातं सांगायला हवं होतं. आठांतलं एक गाव, काय फरक पडतो, असं म्हणून मी ते राहू दिलं. आता फरक पडत होता. परवाना गेला की कंपनीचे सुटे भाग बंद, भाग बंद की दुरुस्ती बंद, आणि दुरुस्तीशिवाय ते दुकान चार दिवस चालणार नाही.

बुधवारी मी बार्शीची गाडी पकडली. सरांना सांगितलं, 'का' शोधायला जाते, माझ्या रजेत.

*

"आली का पुण्याची शास्त्रज्ञ!" आत्या काउंटरमागून ओरडली. डोळ्याला भिंग लावून ती एका फोनचं पोट उघडून बसली होती. "सहा महिन्यांत एक फोन नाही. फोनवाल्या कंपनीत नोकरी आणि आत्याला फोन करायला रेंज नाही."

"कंपनी फोनची नाही गं, आकड्यांची आहे."

"तेच ते. बस. कुणी आलं तर मधे बोलू नको."

मी बसले आणि बघत राहिले. अकराच्या सुमाराला एक नवरा-बायको आले, वैरागजवळचे. बायकोसाठी पहिलाच निओरा. आत्याने खोकं उघडलं, फोनला हळदीकुंकवाचं बोट लावलं, फडक्याने काच पुसली. मग फोन बाईंच्या हातात न देता स्वतःकडेच धरून ठेवला.

"वहिनी, हे हिरवं वर्तुळ दिसलं?"

"दिसलं."

"हे दिसलं की काय करायचं?"

"दाबायचं?"

"आता दाबायचं नाही. हा उंबरठा आहे. नवी सून उंबरठ्यावर नाव घेतल्याशिवाय आत येते का? तसं इथं नाव घेतल्याशिवाय बोट आत जाणार नाही. ही वस्तू घेतली असं घरी कुणाला सांगावं लागेल, त्याचं नाव मनात घ्यायचं. आख्खं. घाईत अर्धं नाही. नाव घेऊनही दाबावंसं वाटलं तर खुशाल दाब. घे बघू."

बाई हसल्या, नवऱ्याकडे बघून पदर सावरला. त्यांचे ओठ किंचित हलले. मग बोट टेकलं.

माझ्या हातातला चहा निवत होता. पाचवा घटक माझ्यासमोर भिंग लावून बसला होता.

"आत्या, हे तू किती दिवसांपासून शिकवतेस?"

"वर्तुळ आलं तेव्हापासून. पहिल्या वर्षी लोक रडत यायचे. एकीच्या घरी तीन मिक्सर आले. एकाने झोपेत बोट लावलं तर ट्रेडमिल दारात! वाकडे गुरुजींनी तर... जाऊ दे, पण तुला काय करायचंय?"

मी सगळं सांगितलं. नावड, अडखळ, समिती, सोमवार, पेटी. तिने भिंग काढलं.

"म्हणजे लोक थांबतात, ते तुमच्या यंत्राला वाटतं की तोंड वाकडं करतात?"

"हो."

"आणि मी थांबवते म्हणून माझं दुकान जाणार?"

"अजून सिद्ध झालेलं नाही," मी म्हणाले.

"सिद्ध!" आत्या म्हणाली. "डोळ्यांनी बघितलंस ना आता?"

"एक बाई बघितली. एकीवरून नियम होत नाही."

*

पण नियम तपासता येण्यासारखा होता, आणि ते सुचल्यावर मला त्या दुपारी दुकानाची काळजीसुद्धा काही वेळ आठवली नाही. नावडीला लांबी नसते, नावाला असते. आत्याचं म्हणणं खरं असेल तर अडखळ नावाच्या अक्षरांबरोबर वाढायला हवी. यशला सांगणारा लवकर सुटेल, ज्ञानेश्वरला सांगणाऱ्याला वेळ लागेल.

बार्शीतल्या एकशे एक्कावन्न लोकांपैकी त्र्याण्णवांनी फोन आत्याकडून घेतला होता. त्यांची अडखळ सरासरी चारशे तीस. उरलेल्यांची चाळीस. इथवर ठीक. सर्वेक्षणात 'पुन्हा संपर्क केला तर चालेल' याला त्यांनी होकार दिला होता, म्हणून मी दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून फोन लावले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: काही खरेदी केली की घरी कुणाला सांगावं लागतं? एकाहत्तर जण सापडले. नावं मिळाली, कुणी नुसतं 'घरच्यांना' म्हणालं तर नाव सर्वेक्षणाच्या अर्जावरून घेतलं, अक्षरं मोजली, आलेख काढला.

ठिपके एका रेषेच्या आसपास जमले, पण ओबडधोबड. सहसंबंध शून्य पूर्णांक अडतीस. एक म्हणजे अचूक साथ, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही. अडतीस म्हणजे आशा लावणारा आणि कामाला न येणारा आकडा. एकोणीस ठिपके रेषेपासून फार दूर पडले होते, अठरा खाली आणि एक वर. त्या सगळ्या पन्नाशीपुढच्या बायका. खालच्या अठराजणींच्या पतीचं नाव पांडुरंग, चंद्रसेन, विश्वंभर. आणि अडखळ तीनशेच्या आसपास. एवढ्या वेळात 'विश्वंभर' मनातसुद्धा म्हणून होत नाही.

"या बायका नियम पाळत नाहीत," मी खाली येऊन म्हणाले. "अर्ध्यावरच बोट लावतात."

आत्याने यादीवर नजर टाकली आणि इतकी हसली की तिला स्टूल धरावं लागलं. "अगं पुणेकरणी! यातली ही शकुंतला नवऱ्याचं नाव घेईल? लग्नात उखाण्यात घेतलं असेल ते शेवटचं!"

"मनातसुद्धा नाही?"

"मनात जीभ वेगळी असते का? फोन कर आणि विचार, मनात काय म्हणतेस म्हणून. तू आपलं आपलं ठरवू नको."

हे मला विद्यापीठातल्या कुणीही यापेक्षा चांगलं सांगितलं नसतं. सोयीचं उत्तर मीच भरून टाकलं असतं तर ती लबाडी झाली असती. मी एकोणीस जणींना परत फोन केले. सतरा जणींनी उचलला. पहिल्या काही सेकंदांत सगळ्या हसल्या. सोळा जणी 'अहो' म्हणत होत्या, नाहीतर 'हे'. एक जण म्हणाली, "मी बंडूचे पप्पा म्हणते." तिचा एकटीचा ठिपका आधी रेषेच्या वर तरंगत होता; नवऱ्याचं नाव 'राम' असून अडखळ सहाशे.

मी अक्षरं बदलली. न सापडलेल्या दोघी वगळल्या. ठिपके रेषेवर येऊन बसले, बंडूच्या पप्पांसकट. सहसंबंध शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर. रेषेचं सूत्र निघालं: बोट रोखायला एकशेवीस मिलिसेकंद, आणि पुढे प्रत्येक अक्षराला पंच्याण्णव. नावडीची शक्यता जवळजवळ संपली होती. लोकांना निओरा आवडत होता. वर्तुळ दाबण्याआधी ते घरच्या माणसाला हाक मारत होते, एवढंच.

मी आनंदाने जिना उतरले आणि मधल्या पायरीवर थांबले. या शोधाचा अर्थ आता कुठे मला नीट दिसला.

*

"आत्या, एक घोळ आहे."

"सांग."

"हे लिहिलं नाही, तर समितीला वाटेल की बार्शीला निओरा आवडत नाही. परवाना जाईल. लिहिलं, तर त्यांना कळेल की त्यांचाच विक्रेता लोकांना वर्तुळ दाबू देत नाही. आपल्या गावात वर्तुळावरची खरेदी बाकीच्या गावांपेक्षा चाळीस टक्के कमी आहे. मग तर नक्कीच जाईल."

"म्हणजे खोटं राहिलं तरी जाणार, खरं लिहिलं तरी जाणार?"

"हो."

"मग सोपं आहे की!" ती म्हणाली आणि परत भिंग लावलं. पण तिच्या हातातला चिमटा बराच वेळ नुसताच हवेत होता. "ऋता, मी कंपनीपासून काही लपवलेलं नाही. त्यांचा माणूस दर तिमाहीला येतो, चहा पितो. त्याने कधी विचारलं नाही, लोक इथून बाहेर पडताना ओठ का हलवतात म्हणून. तू लिही. आणि मी तुझी कोण ते पण लिही."

"ते लिहिलं तर मला या कामातून काढतील."

"मग आधी ते लिही."

शुक्रवारी अहवालाच्या पहिल्या पानावर पहिली ओळ मी तीच लिहिली: बार्शीची विक्रेती माझी आत्या आहे, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. त्यानंतर पाचवा घटक, आलेख, सूत्र. शेवटी एक तक्ता. वर्तुळावरून घेतलेल्या शंभर वस्तूंपैकी सात गावांत सरासरी सत्तावीस परत येतात, बार्शीत चार. परतीचा खर्च धरला तर बार्शीतून निओराला जवळपास इतर गावांइतकंच मिळतं. थोडं जास्त की थोडं कमी, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. थोडं जास्त, असं लिहायचा मोह मला झाला. आकडे झुकत होते त्या बाजूला, पण फरक शून्य असण्याची शक्यता अजून उरत होती. मी 'सांगता येत नाही' असंच लिहिलं.

उपासनी सरांनी अहवाल वाचला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तू मला चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर मी फक्त तुला दुसरं गाव दिलं असतं."

"हो, सर."

"आता काम काढून घ्यावं लागेल."

"हो, सर."

"आणि दुसरा कुणीतरी या सगळ्यांना पुन्हा फोन लावणार. तुझा एक शब्दही न ऐकता." त्यांनी बंडूच्या पप्पांच्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली. "हा मात्र सुंदर आहे."

समितीने बार्शीचा निर्णय लांबणीवर टाकला. परवाना एक वर्षासाठी राहिला. दयेपोटी नाही, 'सांगता येत नाही' या माझ्या वाक्यामुळे. थांबणाऱ्या गावातून जास्त मिळतं की कमी, हे निओराला जाणून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी थांबणारं एक गाव शिल्लक असायला हवं होतं. सगळ्यांना पुन्हा फोन लावले गेले. दुसऱ्या विश्लेषकाचा सहसंबंध शून्य पूर्णांक सत्तर आला. मला दंतमंजनाच्या सर्वेक्षणावर बसवलं.

*

दिवाळीनंतर मी बार्शीला गेले तेव्हा दुकानात नवा निओरा आला होता. यात बोट लागतच नाही. वर्तुळाकडे सेकंदभर टक लावून पाहिलं की वस्तू निघते.

"आता काय करशील?" मी विचारलं.

"करून झालं." तिने समोरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे हात केला. "मामा, दाखवा हिला."

मामांनी फोन समोर धरला. वर्तुळ उमललं. त्यांनी डोळे मिटले, देवापुढे मिटावेत तसे, आणि ओठ हलले. मग डोळे उघडून फोन खिशात टाकला. "नको म्हणाली," ते म्हणाले आणि गेले.

मी हसले. आमचं यंत्र याला झोप समजणार.

"तू घे एक," आत्या म्हणाली. "की तुमच्या पुण्यात चालत नाही नाव घेणं?"

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. निकषमध्ये रुजू होताना प्रत्येकाची अडखळ मोजतात. निओरापाशी माझी सहाशे दोन भरली होती, आणि उपासनी सर गमतीने म्हणाले होते, "हिला ग्राहकासमोर बसवू नका, हिला त्यांचा रागच आहे." मला राग नव्हता. का अडखळले हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझा पहिला निओरा मी याच काउंटरवर घेतला होता, कॉलेजात असताना. आत्याने तेव्हा मलाही नाव घ्यायला लावलं असणार; मी ते दोन-तीन महिन्यांत साफ विसरले. बोट विसरलं नव्हतं.

सहाशे दोनमधून एकशेवीस वजा. चारशे ब्याऐंशी. भागिले पंच्याण्णव. पाच, आणि वर थोडंसं. आईला सांगत असते तर दोन अक्षरं. भावाचं नाव ओजस, तीन. पाच अक्षरांचं माणूस माझ्या घरात नाही.

मी बोटांवर मोजलं. शा, ल, न, आ, त्या.

"काय पुटपुटतीस?" आत्याने भिंगावरून पाहिलं. "घेतलंस का नाव? कुणाचं घेतलंस?"

"सहाशे दोन," मी म्हणाले.

"हे काय नाव आहे का!" ती म्हणाली आणि पुढचं खोकं उघडायला लागली.